मानशीचे तिसरे उघडणे : अद्भुत कथेत अज्ञात किती राखावे?

खाजनकाठ

नमस्कार. गेली काही वर्षे मी हौसेने विज्ञानकथा लिहिते. यंदाच्या एका दिवाळी अंकासाठी पाठवलेली माझी कथा संपादकांनी एका प्रश्नासह परत केली. तो प्रश्न केवळ माझ्या कथेपुरता नाही असे वाटल्यामुळे हा धागा काढत आहे.

कथा थोडक्यात अशी आहे. गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटावर, एका खाजनाच्या (नदीकाठी बांध घालून राखलेल्या खारट शेतजमिनीच्या) मानशीवर एक म्हातारा रात्रीची राखण करतो. ज्यांनी मानस पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते की, खाजनाच्या बांदात बसवलेली ही लाकडी दारे एरवी कोणी हाताने उघडत किंवा मिटत नाही. भरतीला नदी चढली की पाण्याच्याच दाबाने दारे मिटतात. ओहोटीला नदी आतल्या पाण्याच्या खाली गेली की ती उघडतात आणि आतले पाणी, त्याबरोबर मासळीही, बाहेर पडू लागते. दिवसातून साधारणपणे दोनदा मिटायचे आणि दोनदा उघडायचे, एवढाच त्या दारांचा धर्म. माझ्या म्हाताऱ्याला एके रात्री, नदी चढत असताना, दार तिसऱ्यांदा उघडल्याचा आवाज येतो. क्षणभराने ते पुन्हा मिटते. तो भिंतीवर कोळशाने रेघ ओढतो. दुसऱ्या रात्री तेच, पण वेळ थोडी सरकलेली. महिन्याभराने त्याच्या लक्षात येते की चंद्राची भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते, आणि ही तिसरी वेळ मात्र रोज 17 मिनिटे लवकर येते. रेघांनी भरलेल्या त्या भिंतीपाशी कथा संपते.

संपादकांचे म्हणणे असे की, ते नेमके काय आहे हे वाचकाला शेवटी कळलेच पाहिजे. मी निमूटपणे दोन पानांचे परिशिष्ट लिहिले, त्यात पृथ्वीभोवती फिरणारा एक न दिसणारा, अतिशय घन गोळा आणला, आणि वाचून पाहिले तेव्हा कथा गेलेली होती. आता प्रश्न असा की, विस्मय टिकवायचा तर अज्ञात अज्ञातच ठेवावे लागते का, की खुलासा टाळणे हा माझाच आळस आहे? आपली मते वाचायला आवडतील.

काजूबोंड

उत्तर पुढच्या दिवाळीत देऊ, असे संपादकांना कळवावे. त्यांचे दोन अंक खपतील.

शंकेखोर

माझे मत कडवट वाटेल, पण आळस हाच शब्द मला योग्य वाटतो. गूढ निर्माण करणारा लेखक वाचकाकडून उधारीवर माल उचलत असतो. पहिल्या पानावर धुके, दुसऱ्यावर जुनी विहीर, तिसऱ्यावर कोणीतरी मागे उभे असल्याचा भास, आणि हे सर्व घेताना पुढे केव्हातरी हिशेब चुकता करू असे त्याने न बोलता कबूल केलेले असते. शेवटच्या पानावर तीन टिंबे टाकून तो दुकानासमोरून मान खाली घालून निघून जातो, आणि कोणी विचारले की म्हणतो, अज्ञाताचे सौंदर्य तुम्हांला कळत नाही.

स्वतः लेखकाला उत्तर ठाऊक आहे का, ही माझी कसोटी आहे. ठाऊक असून सांगितले नाही, तर तो संयम म्हणता येईल. खाजनकाठताई, परिशिष्ट लिहिण्यापूर्वी त्या तिसऱ्या ओढीचे कारण तुम्हांला माहीत होते का?

खाजनकाठ

प्रामाणिकपणे सांगायचे तर नव्हते. मला फक्त दाराचा आवाज ऐकू आला होता.

पेडण्याची सून

शंकेखोर यांची उधारीची उपमा पटली, परंतु आपल्याच गावांत तिला अपवाद आहे. मी लग्न होऊन आले त्या वाड्यावर राखणदार, म्हणजे वाड्याची राखण करणारा अदृश्य देव, आहे. तो कोण, कसा दिसतो, कधीपासून आहे, हे मला सासूबाईंनी कधी सांगितले नाही, आणि त्यांना त्यांच्या सासूने सांगितले नव्हते. पण त्याची सीमा कोणत्या वहाळापर्यंत आहे, त्याच्या वाटेवर कोणत्या वेळी जायचे नाही, वर्षाकाठी त्याला काय द्यायचे आणि गाऱ्हाणे घालताना कोणते शब्द वापरायचे, हे पोराटोरांनाही पाठ असते. म्हणजे जे अज्ञात आहे ते धूसर नाही. त्याचे नियम आमच्या पंचायतीच्या नियमांपेक्षा स्पष्ट आहेत.

वेताळाला वहाणा अर्पण करण्याची रीत आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. तो रात्रभर गावाच्या शिवेवरून फिरतो, म्हणून त्याच्या वहाणा झिजतात आणि नव्या द्याव्या लागतात, असे सांगतात. लहानपणी मला वेताळाच्या मूर्तीपेक्षा त्या झिजण्याच्या कल्पनेने अधिक थरारून जायला होत असे. देवाचे चालणे कोणी पाहिलेले नाही, पण तळव्याचे कातडे पातळ होते, हे ऐकल्यावर दुसरा पुरावा कोण मागणार? खाजनकाठताईंच्या कोळशाच्या रेघा मला त्या वहाणांसारख्या वाटल्या.

वर्गमूळ

मी उच्च माध्यमिक वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे तक्रारी आधी मांडतो आणि कथा आवडली हे नंतर सांगतो.

पहिली तक्रार परिशिष्टातल्या गोळ्याविषयी आहे. भरती-ओहोटी घडवणारे बल हे ओढणाऱ्या वस्तूच्या वस्तुमानाबरोबर वाढते आणि अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. सूर्य चंद्रापेक्षा कितीतरी जड असूनही भरतीतला त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमीच भरतो, तो यामुळे. शिवाय चंद्र विहिरीत किंवा तळ्यात जाणवण्याजोगी भरती आणत नाही. ती समुद्राला येते आणि समुद्राकडून नदीत शिरते. तेव्हा आकाशातल्या कोणत्याही वस्तूने मांडवीचे पाणी खाली ओढले, तर चोडणच्या एकाच मानशीचे दार उघडून ती थांबणार नाही. दिवाडीची उघडतील, कुंभारजुव्याची उघडतील, सगळ्या किनाऱ्यावर बोंब होईल. आपल्या म्हाताऱ्याला हे एकट्यालाच कसे कळले?

दुसरी तक्रार रेघांची आहे. ओहोटी चालू असताना दार आधीच उघडे असते, मग त्या वेळी आलेली तिसरी ओढ त्याला ऐकू कशी आली? भरती रोज 50 मिनिटे मागे जाते आणि तुमची वेळ 17 मिनिटे पुढे येते, म्हणजे दोहोंत रोज 67 मिनिटांचे अंतर पडते. भरतीचे एक चक्र 12 तास 25 मिनिटांचे असल्याने ही वेळ ते सारे चक्र सुमारे 11 दिवसांत ओलांडील. म्हणून भिंत सलग भरलेली असूच शकत नाही. पाच-सहा रात्री रेघा आणि पाच-सहा रात्री कोरी जागा, असे तिचे रूप असायला हवे.

तिसरी गोष्ट तक्रार नाही. तारे रोज सुमारे 4 मिनिटे लवकर उगवतात. तुमची वस्तू 17 मिनिटे लवकर येत असेल, तर ती ताऱ्यांमध्येही स्थिर नाही, ती त्यांच्यातून पश्चिमेकडे सरकते आहे. हे म्हाताऱ्याला सांगू नका, पण तुम्ही लक्षात ठेवा.

आणि एक प्रश्न. मांडवीत भरतीचे पाणी मुखापासून सुमारे 50 किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाते, आणि वरच्या अंगाला ते मुखापेक्षा उशिरा पोहोचते. तिसऱ्या ओढीलाही हाच क्रम लागू आहे का? माझे मत विचाराल तर खुलासा खुशाल काढून टाका, हिशेब मात्र काढू नका.

रायबंदरची फेरी

वर्गमूळ सर, आपण दहावीला आम्हांला असते तर मी गणित सोडून पळालो नसतो, थोडा अधिक वेगाने पळालो असतो.

पीतवर्ण

चर्चा फार चांगल्या वळणावर आली आहे, म्हणून एका निवृत्त संस्कृत शिक्षकाची भर.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय, वर्ण पिवळा आणि देवता ब्रह्मा सांगितली आहे. माझे येथील नाव त्यावरूनच घेतले आहे. भयानकाचा वर्ण काळा आणि देवता काल. अपरिचित गोष्ट समोर आली असता मन या दोन दारांपैकी कोणत्या दाराने आत जाईल, हे त्या गोष्टीपेक्षा पाहणाऱ्यावर आणि सांगणाऱ्यावर अवलंबून असते. भरताने अद्भुताचे जे विभाव, म्हणजे तो रस जागवणारी कारणे, मोजले आहेत त्यांत दिव्य व्यक्तींचे दर्शन, माया, इंद्रजाल आणि विमान आहे, पण त्यांबरोबरच मनातली इच्छा पुरी होणे आणि उपवनात किंवा देवळात जाणे हेही आहे. अद्भुताची घडण इतकी घरगुतीही असू शकते, हे आपले कथालेखक विसरतात.

ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायाच्या आरंभी माऊली म्हणतात की, येथे शांताच्या घरी अद्भुत पाहुणा आला आहे आणि बाकीच्या रसांनाही त्याच्या पंगतीला बसण्याचा मान मिळाला आहे. मला यातला पाहुणा हा शब्द फार मोलाचा वाटतो. पाहुणा यायचा तर आधी घर हवे, त्या घराला उंबरठा हवा, वेळच्या वेळी लागणारा दिवा हवा. पुष्कळ अद्भुत कथांत मला सगळे पाहुणेच दिसतात आणि घर कोठेच दिसत नाही. पहिल्या ओळीपासून तीन सूर्य आणि बोलणारे डोंगर आले की विस्मय कोणाला वाटायचा? खाजनकाठ यांच्या कथेत मानशीचे दोनदा उघडणे हे घर आहे, तिसरे उघडणे हा पाहुणा आहे.

त्याच अध्यायात पुढे अर्जुनाचे काय होते तेही पाहण्याजोगे आहे. विश्वरूप दाखवा असा आग्रह त्यानेच धरलेला असतो आणि ते पाहिल्यावर थरथर कापत तोच नेहमीचे रूप परत मागतो. पण त्या भयाच्या भरात त्याला आठवते काय, तर खेळताना, निजताना, बसताना, जेवताना आपण या सख्याची थट्टा केली, ते. एवढे अफाट काही पाहिल्यावर माणसाला जेवणाच्या पाटावरची थट्टा आठवावी, याहून खरा विस्मय मी कोणत्याही अंतराळकथेत वाचलेला नाही.

आणि संपादकांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून एवढेच सांगतो की, नाना रसभावांनी युक्त अशा कोणत्याही नाटकाच्या निर्वहणात, म्हणजे शेवटच्या संधीत, अद्भुत रस योजावा, असे भरताने स्पष्ट सांगितले आहे.

काजूबोंड

विमान हा शब्द दिसला. आता तीनशे प्रतिसाद येणार.

पीतवर्ण

तेथे विमान याचा अर्थ अनेक मजली प्रासाद असाही होतो, तेव्हा तीनशे प्रतिसादकांनी कृपया घरीच थांबावे.

शंकेखोर

सर, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो की, निर्वहणाचा दाखला आपल्या बाजूने नाही, माझ्या बाजूने आहे. संस्कृत नाटकाच्या शेवटी काय होते? जे दडलेले असते ते उघड होते. शाकुंतलाच्या सातव्या अंकात दुष्यंताला मुलगा भेटतो, शकुंतला भेटते आणि आपल्याला विस्मरण का झाले होते हे शापाच्या हकीकतीतून कळते. भरताला अभिप्रेत असलेला अद्भुत हा असा आहे, कळण्याच्या क्षणी येणारा. मग खुलासा विस्मयाचा वैरी कसा?

पीतवर्ण

मान्य आहे. हे मी तीस वर्षे शिकवले आणि आपण म्हणता त्या दृष्टीने कधी पाहिले नाही. तरी शाप कळल्यावर दुष्यंताला विस्मय शापाचा वाटत नाही, स्वतःच्या मनाचा वाटतो, हे मात्र नोंदवून ठेवतो.

अळमी

मी सत्तरी तालुक्यातली आहे आणि पावसात रानात भटकणे हा माझा छंद आहे. म्हादई अभयारण्याच्या परिसरात पावसाळ्याच्या रात्री, विजेरी बंद करून थोडा वेळ उभे राहिले, तर कुजक्या फांद्यांवर फिकट हिरवा उजेड दिसू लागतो. प्रथम पाहिले तेव्हा सोबतच्या कोणीही बराच वेळ एक शब्द बोलले नाही.

हा उजेड बुरशीचा असतो. मायसिना या प्रजातिगणातल्या काही जाती असा प्रकाश देतात. पेशीतल्या ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याशी प्राणवायूचा संयोग होतो आणि ऊर्जा उष्णतेऐवजी मुख्यतः प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते, म्हणून तो उजेड थंड असतो. हे वाचल्यानंतर मी दुसऱ्यांदा गेले, तेव्हा विस्मय कमी झाला असेल या भीतीने थोडी कचरतच गेले होते. तसे झाले नाही. उलट, ती फांदी श्वास घेत आहे आणि त्या श्वासाचाच हा उजेड आहे, असे मनात आले आणि मी खाली बसले. बुरशीने उजेड कशासाठी द्यावा, याचे एका जातीत असे उत्तर सापडले आहे की रात्री कीटकांनी जवळ यावे आणि बीजाणू दूर न्यावेत. पण हेच कारण सगळ्या जातींना लागू पडते असे म्हणता येत नाही. एक दार उघडले की आत दुसरे मिटलेले दार असतेच, निदान रानात तरी.

गावात लोक ज्याला देवचाराचा (राखणदाराचा) उजेड म्हणतात, त्यातला काही भाग हाच असावा, असा माझा तर्क आहे.

पेडण्याची सून

अळमीबाय, बाकी सर्व फार सुंदर लिहिले आहे, पण शेवटच्या वाक्याची गरज नव्हती. डिचोली तालुक्यातल्या साळ गावी होळीनंतर गडे, म्हणजे त्या विधीत भाग घेणारे पुरुष, निघतात. डोंगराच्या अंगाला मशाली दिसल्या की ते अंधारात त्या दिशेने धावत सुटतात. मी एका वर्षी त्या गर्दीत उभी होते. ते काय होते हे मला सांगता येणार नाही आणि ते खोदून विचारण्याची त्या रात्री कोणाला इच्छाही नव्हती. तेथे बुरशीचे नाव घेणे म्हणजे कोणी आरती म्हणत असताना कापूर कशापासून काढतात हे सांगण्यासारखे आहे.

अळमी

चूक झाली. साळचे गडे माझ्या मनातही नव्हते. मी माझ्या रानापुरते बोलायला हवे होते. कापराची उपमा मात्र मी जपून ठेवणार आहे, कारण कापूर झाडापासून मिळतो हे कळल्यावर मला आरती अधिक आवडू लागली होती.

दर्यावर्दी

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी आकाशाकडे पाहण्याआधी दोना पावलाकडे पाहावे, अशी माझी जुनी तक्रार आहे. माझी नोकरी समुद्रावर झाली, म्हणून एक उदाहरण देतो.

26 जानेवारी 1981 रोजी दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' या जहाजाने समुद्रतळावरून बहुधात्विक गोळ्यांचा पहिला नमुना वर काढला. बटाट्यासारखे काळे गोळे. मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट. पुढे मध्य हिंदी महासागरात भारताला शोधकार्यासाठी 75,000 चौरस किलोमीटरचे क्षेत्र मिळाले. तेथे पाच किलोमीटर खोल काळोखात हे गोळे गालिच्यासारखे पसरलेले आहेत. एखाद्या शार्कच्या दाताभोवती एकेक थर बसत असा गोळा तयार होतो आणि त्याची वाढ दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढीच असते.

आता खरी गोष्ट ऐका. समुद्रतळावरचा गाळ याच्या कित्येक पटींनी, हजार पटींच्या मापाने, वेगाने साचतो. हिशेबाने पाहिले तर हे गोळे केव्हाच गाडले जायला हवे होते, आणि तरी त्यांतले पुष्कळसे गाळाच्या वर, उघड्यावर पडलेले आहेत. तळावरचे जीव त्यांना ढोसत राहतात, प्रवाह गाळ झाडून नेतात, अशी कारणे दिली जातात, पण एकमत झालेले नाही. म्हणजे लाखो वर्षे कोणीतरी किंवा काहीतरी प्रत्येक गोळा हलकेच उचलून पुन्हा वर ठेवत आले आहे.

हे वाक्य मी पहिल्यांदा जहाजावर, चहा पिता पिता एका शास्त्रज्ञाच्या तोंडून ऐकले आणि चहा निवला. त्यात एकही कल्पित शब्द नाही. विस्मय आकड्यांतून आला. तो वाढ आणि गाळ या दोन वेगांच्या मधल्या फटीत बसलेला आहे.

शंकेखोर

दर्यावर्दी, हे वाचून माझाही चहा निवला. यात उत्तर नाही आणि तरी मला फसवल्यासारखे वाटले नाही, याची नोंद मी नाइलाजाने करतो.

वाचनवेडी म्हापसा

एक भेद केल्याशिवाय ही चर्चा पुढे जाणार नाही असे वाटते. विज्ञानकथेतले अज्ञात म्हणजे अद्याप न कळलेले, आणि अद्भुतकथेतले अज्ञात म्हणजे कळून घ्यायचे नसलेले, अशी माझी ढोबळ वाटणी होती. पहिल्यात वाचक शोधक असतो, दुसऱ्यात तो पाहुणा असतो (पीतवर्ण सरांचा शब्द उलटा वापरते). पेडण्याची सून यांचा राखणदार दुसऱ्या खात्यातला आणि अळमी यांची बुरशी पहिल्या खात्यातली असल्यामुळेच दोघींचा खटका उडाला.

पण ही वाटणी स्तानिस्वाफ लेम यांच्या 1961 मधल्या 'सोलारिस'ने मोडली. त्यात एक ग्रह एका सजीव महासागराने व्यापलेला आहे. माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्याचा अभ्यास करतात, त्याच्या हालचालींचे वर्गीकरण करतात, ग्रंथालये भरतात, आणि त्या महासागराला माणसाशी काही कर्तव्य आहे की नाही हेसुद्धा कळत नाही. ही विज्ञानकथाच आहे, शास्त्रज्ञ प्रामाणिक आहेत, उपकरणे आहेत, आणि तरी अज्ञात जागचे हलत नाही.

प्रत्यक्षातही असे घडते. 19 ऑक्टोबर 2017 रोजी हवाईमधल्या दुर्बिणीला सूर्यमालेबाहेरून आलेली पहिली वस्तू, ओमुआमुआ, सापडली तेव्हा ती परतीच्या वाटेला लागलेली होती. तिचा आकार कोणी पाहिलेला नाही. प्रकाशाच्या कमी-जास्त होण्यावरून तो ताडला गेला, आणि काही आठवड्यांत ती मोठ्या दुर्बिणींनाही दिसेनाशी झाली. आर्थर क्लार्क यांनी अशीच एक वस्तू सूर्यमालेत येऊन आपल्याकडे ढुंकूनही न पाहता निघून जाते, अशी कादंबरी 1973 मध्ये, म्हणजे 44 वर्षे आधी लिहिली होती. खुलासा न करण्याबद्दल ओमुआमुआला कोणी आळशी म्हटले नाही.

मराठीतले एक उदाहरण देऊन थांबते. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी करून, पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. त्या वेळी सामान्य वाचकाला तो शब्दही नवा होता. आज शाळेतल्या मुलालाही तो ठाऊक आहे, आणि 10 एप्रिल 2019 रोजी तर कृष्णविवराचे पहिले चित्रही प्रसिद्ध झाले. त्या चित्रात दिसते काय? उजेडाचे एक कडे आणि मध्ये काळोख.

रायबंदरची फेरी

इतक्या विद्वत्तेपुढे माझी वाचा बसली आहे. अशा प्रसंगी आबे फारियांच्या वडिलांनी लेकाला हळूच काय सांगितले ते आठवावे : "कातर रे भाजी!"

ज्यांना ही आख्यायिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी : लिस्बनमध्ये राणीच्या प्रार्थनामंदिरात मोठ्या लोकांसमोर प्रवचन देताना तरुण फारिया गडबडले, तेव्हा समोरची सारी भाजीच आहे असे समज आणि काप, असे वडील कोकणीत पुटपुटले म्हणतात. पणजीत जुन्या सचिवालयाजवळचा त्यांचा पुतळा लहानपणी मला रात्री पाहवत नसे. आता मुद्द्यावर येतो. 1756 मध्ये कांदोळीत जन्मलेल्या या माणसाच्या काळात पॅरिसमध्ये लोक असे मानत होते की संमोहन करणाऱ्याच्या शरीरातून एक चुंबकीय द्रव वाहतो आणि तो समोरच्याला निजवतो. फारियांनी सांगितले की असा द्रव नाही. जे घडते ते निजणाऱ्याच्याच मनात घडते. एक खुलासा दिला आणि सगळे गूढ बाहेरून उचलून आपल्या डोक्यात आणून ठेवले. त्यापेक्षा तो द्रव परवडला असता.

दोन मुलांचा बाप

प्रथमच लिहीत आहे. सांगे तालुक्यात रिवणजवळ कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्याच्या सपाट कातळावर प्राचीन खोदचित्रे आहेत. 1993 मध्ये ती अभ्यासकांच्या नजरेस आली. बैल आहेत, मोर आहे, आणि एकात एक वळणे असलेला एक गोल चक्रव्यूह आहे. त्यांच्या काळाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि तो चक्रव्यूह कशासाठी खोदला हे कोणालाच ठाऊक नाही.

मुलांना घेऊन गेलो होतो. थोरल्याने फलक वाचला आणि अर्थ काय असेल याचे चार अंदाज सांगितले. धाकटी बराच वेळ हवेत बोट फिरवत वळणे मोजत राहिली आणि मग तिने विचारले, "बाबा, हे काढणारा आत बसून काढत होता की बाहेर बसून?" मला याचे उत्तर देता आले नाही. अर्थ काय या प्रश्नाने जे झाले नव्हते ते या प्रश्नाने झाले. तो छिन्नी धरणारा माणूस एकदम कातळावर उकिडवा बसलेला दिसला. खाजनकाठ यांच्या मूळ प्रश्नाशी याचा संबंध असा लावतो की, म्हाताऱ्याने ते काय आहे असा प्रश्न विचारूच नये. त्याने काहीतरी अधिक छोटे विचारावे.

खाजनकाठ

चार दिवस मी येथे लिहिले नाही, कारण कथा पुन्हा लिहीत होते.

परिशिष्ट फाडून टाकले. शंकेखोर, कारण मला अजूनही ठाऊक नाही. परंतु आता काय काय असू शकत नाही हे ठाऊक आहे, आणि तेवढी उधारी फेडली असे मी धरते. वर्गमूळ सरांची दुसरी तक्रार जशीच्या तशी स्वीकारली. भिंतीवर आता पाच-सहा रेघा, मग कोरी जागा, मग पुन्हा रेघा आहेत, आणि त्या कोऱ्या जागांमुळे म्हातारा अधिक बेचैन होतो, कारण त्या रात्री ते आले नाही की आपल्याला ऐकू आले नाही, हे त्याला कळत नाही.

पहिल्या तक्रारीने मात्र कथेचा शेवटच बदलला. सारीच दारे उघडत असतील तर ते एकट्यालाच कसे कळले, असे सरांनी विचारले होते. म्हातारा एके सकाळी फेरीने पलीकडे जातो, तेथून दिवाडीच्या एका मानशीवरच्या जुन्या ओळखीच्या माणसाकडे जातो, आणि त्याच्या खोपटात पाणी प्यायला वाकतो तेव्हा त्याला दाराआडच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा दिसतात. दोघेही त्याविषयी बोलत नाहीत. लोक वेडे ठरवतील म्हणून प्रत्येकाने आपापली भिंत झाकून ठेवलेली असते. मग तो नदीच्या वरच्या अंगाला जातो, एकेका मानशीवर थांबतो, आणि ते काय आहे असे कोणालाही विचारत नाही. तो फक्त वेळ विचारतो. (दोन मुलांच्या बाबांचे आभार.)

आणि आता सरांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर. भरती मुखाकडून वर येते, म्हणून वरची दारे मागाहून मिटतात, हे म्हाताऱ्याला जन्मापासून माहीत आहे. तिसऱ्या वेळेला मात्र वरची दारे आधी उघडतात. जसजसा तो वर जातो तसतशी ती वेळ आणखी आधीची निघते. कथा गांजेला संपते, जेथे भरती संपते, आणि तो डोंगराकडे तोंड करून उभा आहे.

वर्गमूळ

म्हणजे पाणी समुद्राकडून ओढले जात नाही. आज माझे तास नीट होणार नाहीत.

पेडण्याची सून

हे मी सासूबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या की त्याने आता पुढे जाऊ नये आणि जायचेच असेल तर हात हलवत जाऊ नये.

काजूबोंड

अंक कोणता ते सांगा, मी दोन घेतो.

शंकेखोर

एकच शंका आहे. पावसाळ्यात खाजनातल्या खोपटाच्या भिंतीला ओल येतेच. मग कोळशाच्या रेघा टिकल्या कशा?

खाजनकाठ

हा प्रश्न संपादकांनी विचारायला हवा होता. आज रात्री पुन्हा बसते.